आता माझा नंबर

झेंडू तोडताना त्याचा उग्र वास हाताला लागला, की मला वलगावच्या आमच्या मळ्यातली ती सकाळ आठवते. दसरा तोंडावर होता, पिवळ्या वाफ्यांवर दव चमकत होतं, आणि मी नसबंदी करून घेऊ नये म्हणून सासूबाई बांधावर बसून मला बजावत होत्या. मला दोन मुली, दोन्ही सिझरच्या. तिसऱ्या खेपेला जिवाला धोका आहे, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, पण सासूबाईंना नातू हवा होता. तेवढ्यात नवरा टोपली खाली ठेवून म्हणाला, "माय, तिचं पोट दोनदा फाडलं, आता माझा नंबर. तिचं आपरेशन झालं तं ती ऐन तोडणीत खाटेवर. माझं सरकारी दवाखान्यात फुकट होते, टाकाबी लागत नाही, अन् संध्याकाळी मी घरी." "मर्द असून? लोक काय म्हनतीन?" सासूबाई ओरडल्या. "लोक काय तिले वाचवाले येतीन?" तो म्हणाला. मला तर तिथेच उड्या माराव्याशा वाटल्या! त्याच दिवशी आम्ही अमरावती गाठली. माझा चहा संपतो न संपतो तोच तो हसत बाहेर आला. "मुंगी चावल्यावानी वाटलं," म्हणाला. परतताना स्कूटी मी चालवली, तो मागे बसला, आणि मी भर रस्त्यात मोठमोठ्याने गात सुटले. परवा हे सगळं थोरलीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, माह्यासाठी पोरगा पाहाशीन, तं त्याले हे पयले विचारजो."