रुख्माबाईची भुजली

जग बुडणार आहे, हे मी आयुष्यात पुष्कळदा ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नवी नवरी होती आणि खरोखर घाबरली होती. आता कुणी म्हणालं तर मी विचारते, धानाच्या रोवणीच्या आधी बुडणार का नंतर? माझे नातूही म्हणतात, आजी, जातीजातीत भांडणं, धर्माधर्मात भांडणं, आता शेवट जवळ आला. मी त्यांना माझ्या सासूची गोष्ट सांगायला घेते. अर्धी ऐकतात आणि उठून जातात. म्हणून पूर्ण लिहून ठेवते. मी दुसरीपर्यंत शिकली, तेव्हा वेलांट्या वाचणाऱ्यानं सांभाळून घ्याव्या.

सासूचं नाव रुख्माबाई. माहेर डोंगरगडाकडचं, सासर आमचं गाव, नवेगाव बांधाच्या अलीकडे. अंगानं बारीक, तोंडानं नाही. धान रोवताना तिच्या शेजारी उभं राहायला बायका टाळाटाळ करायच्या. ती बोलता बोलता चिखलातून भराभर मागं सरकत जायची आणि जी रेंगाळली तिला विचारायची, "काऊन वो, पाय रोवले का धान?"

तिच्या लग्नानंतरचा पहिला श्रावण. आमच्याकडे नागपंचमीला टोपलीत गहू पेरून अंधाऱ्या खोलीत ठेवतात. त्याला पिवळे कोंब येतात, ती भुजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपल्या डोक्यावर घेऊन गाणी म्हणत तलावावर जायचं, भुजली शिरवायची, म्हणजे पाण्यात सोडायची, आणि मूठभर कोंब धुऊन परत आणायचे. मग ते एकमेकींच्या कानावर खोचायचे. नवं नातं जोडायचं असेल तर याच दिवशी. जिच्या कानावर तुम्ही खोचले आणि जिनं तुमच्या कानावर, ती तुमची भुजली झाली, जन्मभराची. तिची लेकरं ती आपली लेकरं. नवऱ्याचं नाव घेत नाही तसं तिचंही नाव घ्यायचं नाही, 'भुजली' म्हणून हाक मारायची. घेतलं तर नातं तुटलं. पुरुषांतही हेच चालतं. आणि भुजली नात्यातली करत नाहीत. नात्यातलीशी नातं आहेच, तिला आणखी काय जोडायचं.

त्या दिवशी सगळ्या जणी आपापल्या भुजलीजवळ गेल्या आणि ही नवी नवरी मुठीत कोंब धरून एकटीच राहिली. तलावाच्या पाळीवर, बांधावर, एक तरुण बाई बांगड्यांची टोपली घेऊन बघत उभी होती, गावात तीही नवीच. सासूला वाटलं कासारीण आहे. कपाळावर कुंकू नव्हतं, पण तलावावर कितीजणींचं कुंकू पाण्यानं जातं. सरळ जाऊन तिच्या कानावर कोंब खोचले. त्या बाईनं हसून तिच्याच मुठीतले थोडे घेऊन हिच्या कानावर खोचले. मग कुणीतरी सांगितलं की ती मनिहाराची, म्हणजे बांगड्या विकणाऱ्या मुसलमानाची बायको.

सासू रडायला लागली. अनुसयाबाई म्हणून एक म्हातारी होती, ती म्हणाली, "खोचली ना? मंग आता कायले रडतेस? झाली तुझी भुजली."

झाली ती झाली. तिचं नाव मलाही ठाऊक आहे, पण सासूनं कधी घेतलं नाही, तर मी लिहायची नाही. मी तिला मावशी म्हणायची.

दोघी एकमेकींच्या हातचं शिजवलेलं खात नव्हत्या, हेही सांगितलं पाहिजे. आमच्या घरून तांदूळ जायचे, तिच्या घरून ईदेला साखर-खोबरं यायचं. वाटण्या तेव्हाही होत्या. विहिरी वेगळ्या, पंगती वेगळ्या, कुणाची सावली चालायची, कुणाची नाही. त्याला कुणी कलयुग म्हणत नव्हतं, रीत म्हणत होते.

कलयुग आलं ते स्वराज्य मिळालं त्या वर्षीच्या उन्हाळ्यात. गावातला दुकानदार घनश्याम माल आणायला गोंदियाला जायचा आणि मिठासोबत बातम्या आणायचा. इथं दंगा, तिथं जाळपोळ. त्यातच पिंपळाखाली एक बाबा येऊन बसला. तो म्हणे, "धरम धरम से लड़ेगा, जात जात में नहीं रहेगी, ये परलय की निशानी है." वैशाखाची अमावास्या पाहिली तर नशीब, असंही म्हणे. गाव घाबरलं. बायका त्याला दही-भात नेऊन देऊ लागल्या. तो दोन्ही वेळा पोटभर जेवायचा. सासू मला म्हणाली, "जग बुडनार हाये तं हा पोट कोनासाठी भरून राहिला?"

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. माझी नणंद शामकला, तिचं लग्न त्याच वैशाखात ठरलेलं होतं, अर्जुनीच्या उदारामजींच्या जागेश्वरशी. आणि आमच्या पंचांनी ठरवलं की प्रलय टाळायचा तर गाव शुद्ध करायचं, आणि सुरुवात रुख्माबाईपासून. तिनं देवळापुढं बेलाचं पान हातात घेऊन, नाव घेऊन म्हणायचं की अमुक बाई माझी भुजली नाही. न म्हटलं तर जातीचा एकही माणूस मांडवात पाय ठेवणार नाही आणि अर्जुनीला निरोप जाईल. मांडवाच्या तोंडावर सोयरीक मोडलेल्या पोरीला त्या काळी पुन्हा कोण विचारत होतं? शामकला चुलीपुढं बसून रडायची आणि धुरावर ढकलायची.

पंचांत मोठे भैयाजी पाटील. माणूस वाईट नव्हता, भ्यालेला होता. त्याच्याही दोन लेकी लग्नाच्या होत्या.

पंचायतीच्या आदल्या दुपारी मावशी मागच्या दारानं गोठ्यात आली. मी तिथं शेण काढत होती.

"भुजली, बोलून दे," ती म्हणाली. "पोरीचं लगीन हाये. मले राग नाही येत."

"तुहं नाव घेऊ?"

"घे. मी ऐकाले येत नाही."

सासूनं गाईपुढं पेंढी टाकली. "माह्या तोंडाले सवय नाही," ती म्हणाली. "न आता सवय लावाची उमर बी नाही."

"मंग शामकलाचं काय?"

सासूनं आणखी एक पेंढी उचलली आणि तीही त्याच गाईपुढं टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं सगळा गाव जमला. सासरे, छोटेलाल त्यांचं नाव, एका कडेला गप बसले. ते नेहमीच गप असायचे, घरात बोलण्याचं काम एकाच माणसाकडे होतं.

भैयाजी म्हणाले, "रुख्माकाकी, लांबन नको. तुले कासारीन वाटली, तुही चूक झाली. चुकीचं नातं होतं, पंच सोडवून देतेत."

"चूक तं झालीच," सासू म्हणाली. "पन चुकीचं म्हून सोडाचं मनलं तं इथं बसलेल्या अर्ध्या बाया नवरा सोडतीन."

बायका पदरात तोंड घालून हसल्या. पुरुष कोण हसते ते बघत होते.

"मस्करी नको, काकी. नाव घे न मोकळी हो."

"घेतो नं. पन तुमी पाटील. पह्यले तुमी तुमच्या भुजलीचं नाव घ्या, मंग मी घेतो."

भैयाजीची भुजली म्हणजे मंगरू, गावची ढोरं राखणारा गोंड माणूस. लहानपणी तलावात एकत्र पोहायचे, तेव्हापासूनची. तो देवळाच्या भिंतीला टेकून बिडी ओढत होता.

"त्याची गोष्ट अलग हाये," भैयाजी म्हणाले.

"काऊन अलग? तो तुमच्या जातीचा हाये का?"

मंगरू बसल्या जागेवरून म्हणाला, "घे बाप्पा नाव, भुजली. मंग मी बी घेतो तुहं. तुह्या ढोराईले बी मंग दुसरा मानूस पाहाशीन."

आता मात्र पुरुषही हसले. भैयाजींचं तोंड लाल झालं. तिथं बसलेल्या प्रत्येकाची भुजली होती, कुणाची ढिवराकडची, कुणाची तेल्याकडची. एकाची तोडायची तर दुसऱ्याची कशी ठेवायची, हे कुणाला सांगता येईना. घनश्यामनं तोड काढली. म्हणाला, हिंदूची भुजली चालते, मुसलमानाची तेवढी नाही, असा ठराव करा. माना हलू लागल्या. सासूचं तोंड उतरलं. मला वाटलं, झालं, गेलं शामकलाचं लग्न.

तेव्हा सासरे खाकरले. "एक सांगू का?"

ते बोलले याचंच नवल. सगळे वळले.

"तापाची मोठी साथ आली होती ना," ते म्हणाले, "तवा आमचं घरचं घर आडवं पडलं. ही बी बेशुद्ध. गावात जो तो आपलं मढं उचलून राहिला होता. माह्या तोंडात पानी टाकाले ती मनिहारीन आली. तिच्याच घरचं, तिच्याच हातचं. मी पेलो. लयच दिवस पेलो."

मंगरूनं बिडी विझवली.

"मी बाटलो असीन तं सांगा," सासरे म्हणाले. "पन तवापासून मी तुमा सगळ्याईच्या पंगतीत जेवून राहिलो. भैयाजी, तुह्या लग्नात तुह्या ताटात जेवलो."

हे म्हणजे मोठंच झालं. ते बाटले तर त्यांच्यासोबत जेवलेले सगळे बाटले, आणि गावात त्यांच्यासोबत न जेवलेला माणूस शोधूनही सापडला नसता. घनश्याम म्हणाला, "मंग तं आपन सगळेच..." आणि शेजारच्यानं त्याला कोपर मारलं. भैयाजी धोतर झटकत उठले. "ज्याले मांडवात जाचं त्यानं जावं, ज्याले नाही त्यानं नाही," म्हणाले आणि घरी गेले. सासू सासऱ्यांकडे बघत होती. "मले कधी सांगतलं नाही," ती म्हणाली. ते म्हणाले, "तू कधी विचारलं नाही."

पण निरोप अर्जुनीला जायचा तो गेलाच. उदारामजी बैलांच्या खाचरात, म्हणजे छोट्या गाडीत, बसून आले. ओसरीवर बसले. सासूनं पाण्याचा गडवा पुढं ठेवला, त्यांनी हात लावला नाही. आत दाराआड शामकलानं माझा दंड इतका घट्ट धरला की पुढं कितीतरी दिवस निळा होता.

"ऐकलं ते खरं हाये का?"

"खरं हाये," सासू म्हणाली.

"सोडनार नाही तिले?"

"नाही. तुमाले मोडाचं असन तं पानी प्याच्या आधी मोडा. पेल्यावर मोडलं तं मले लय वाईट वाटन."

उदारामजींनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "घरून मोडाचं म्हूनच निंगालो होतो. आमच्या घरच्या बाईनं तसंच सांगून धाडलं. पन रस्ता लंबा, बैल सुस्त. विचार कराले टाइम भेटला." त्यांनी पागोट्यावरून हात फिरवला. "जे चुकून जुळलं ते तुमी इतक्या वर्सात सोडलं नाही. तुमची पोरगी मंग विचार करून जोडलेलं घर काऊन सोडन? मले अशीच सून पाहिजे. आमची बाई तोंडाची जरा कडक हाये, तिच्याजवळ टिकनारी पाहिजे."

आणि गडवा उचलून पाणी प्यायले.

लग्न झालं. अर्धा गाव आला. उरलेल्या अर्ध्यातले काही दुसऱ्या दिवशी मागच्या दारानं उरलेला भात खायला आले, त्यांनाही सासूनं हसून वाढलं. भैयाजी आले, पण उशिरा. भात खाल्ला, भाजीला हात लावला नाही, आणि तेवढ्यात आपला धर्म राखला. बाबा अमावास्येच्या आधीच देवरीकडे निघून गेला. प्रलय पुढं ढकलला असेल.

शामकला त्या कडक सासूजवळ नांदली. शेवटी सुशिलाबाईंना, म्हणजे त्या सासूला, तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचं जेवण चालेना.

भांडणं आजही आहेत, माझ्या नातवांचं खोटं नाही. पण मी त्या ओसरीच्या दाराआड उभी होती. एक माणूस बैलाच्या चालीनं विचार करत आला आणि त्याचं मन फिरलं, हे मी पाहिलं. देवानं मला ती सासू दिली, ते मुके सासरे दिले, याचे उपकार मी रोज सकाळी मानते. जग बुडायचं असेल तर बुडेल, पण अशी माणसं त्यात होती आणि मी त्यांच्या घरचा भात खाल्ला.

एक सांगायचं राहिलं. मांडवाच्या दिवशी मावशीनं शामकलाचे हात बांगड्यांनी भरले. सासू तिच्याजवळच चटईवर बसली होती. सगळ्या बायका बघत होत्या, पण पुढं कुणी होईना. सासू मला म्हणाली, "तू कायले उभी हायेस? बस. भुजली, हिचे बी भर."

मी बसली. आजूबाजूच्या नजरांनी माझी मूठ आवळलेली. मावशीनं हात हातात घेतला, तळवा दाबला, अंगठा हळूच आत वळवला.

"बेटी, हात ढिला सोड," ती म्हणाली. "नाही तं फुटन."

मी सोडला. मागून, बघत उभ्या बायकांतून जमुनाबाईनं विचारलं, "हिरव्या हायेत का वो अजून?" आणि ती माझ्या शेजारी येऊन बसली.