दावी सोडणारे गणपतीमामा

महापुराला दीड वर्ष होत आलं होतं. २००६ सालच्या डिसेंबरात मी मानसशास्त्राच्या एम.फिल.साठी शिरोळकडच्या एका गावात प्रश्नावल्या भरून घेत फिरत होते. मी राहायचे त्या उचगावातून दोन एसट्या बदलून जायचं आणि पूरग्रस्तांना विचारायचं, गेल्या महिन्यात झोप कशी लागली? नेहमी, कधी कधी, की कधीच नाही? फार मोठं काम करतोय असं मला तेव्हा वाटायचं.

गणपतीमामांना मी पन्नास प्रश्न विचारले. झोप छान, भूक छान, कुणावर राग नाही. बेरीज केली तर त्यांच्याइतका धडधाकट मनाचा माणूस गावात दुसरा नव्हता. मी कागद मिटले तशी त्यांची बायको, बायडाबाई, चुलीपासून उठून आली.

"ह्ये दुसऱ्यांची जनावरं सोडत्यात, त्ये कुठं लिवलंसा?"

तसा प्रश्नच माझ्याकडे नव्हता.

पुराच्या दिवशी मामांनी कमरेएवढ्या पाण्यातून गोठ्यागोठ्यांत जाऊन गल्लीतल्या सगळ्या जनावरांची दावी सोडली होती. त्यांची स्वतःची म्हैस तेवढी राहिली आणि लोकांनी त्यांना नावेत ओढून घेतलं. पाणी उतरल्यावर म्हैस खुंट्यालाच सापडली. तेव्हापासून मामा भर दिवसा कुणाच्याही गोठ्यात शिरायचे आणि रोजचं काम उरकावं तसं शांतपणे दावं सोडून बाहेर यायचे. लोकांनी आधी समजून घेतलं, मग शिव्या घातल्या. गल्लीतल्या बापूसोंची जर्सी गाय अशीच सुटून ट्रॅक्टरखाली आली, तेव्हा त्यांच्या पोरांनी मामांना बडवून काढलं. चार दिवसांनी मामा परत त्याच गोठ्यात.

"दवाखान्यात झोपंच्या गोळ्या दिल्या," बायडाबाई म्हणाल्या. "झोप तर लागतीया की ह्यास्नी! ह्यो कंचा रोग म्हणायचा, ताई?"

सरांना विचारून सांगते म्हटलं. माझे मार्गदर्शक सर माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एकट्यावरून निष्कर्ष निघत नाही. आणि खरं सांगू, आपल्याला यातलं काही कळतही नाही. शेवटच्या प्रकरणात घाल, पुढच्या संशोधनासाठीचे प्रश्न म्हणून." मी घातला. 'जनावर गमावलेल्या पूरग्रस्तांमधील अपराधभावाचा स्वतंत्र अभ्यास व्हावा.' क्रमांक सात. वाक्य जमलं म्हणून मी खूष झाले होते. आज त्याची लाज वाटते.

पुढच्या वर्षी बांधून आलेला प्रबंध घेऊन मी मोठ्या हौसेने मामांच्या घरी गेले. बायडाबाई रानात तण भांगलायला निघाल्या होत्या. त्यांना उभ्या उभ्या ती ओळ वाचून दाखवली.

"म्हंजी कोण येनार हाय?"

"कुणीतरी अभ्यास करेल पुढे."

"कवा?"

मी प्रबंध मिटला.

बायडाबाई मागच्या छपरात गेल्या, मीही गेले. म्हशीच्या खुंट्यापाशी मामा पोत्यावर बसले होते. बाईंनी त्यांच्या पायाला दावं बांधलं, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला.

"लोकं मारत्यात ओ. मी कामावर गेल्याव ह्यास्नी राखायचं कुणी?" बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. पदराने तोंड पुसून, खुरपं घेऊन त्या तशाच निघून गेल्या.

मामांचे हात मोकळे होते. गावातली कुठलीही गाठ ते उभ्या उभ्या सोडायचे, आणि ही तर साधी सुरगाठ होती.

"मामा, सोडून घ्या की," मी म्हटलं.

त्यांनी दाव्यावरून हात फिरवला.

"नगं. म्हशीला बांधून गेलतो मी."

मला राहवेना. मी गाठीला हात घातला. मग ध्यानात आलं, सुटले की ते सरळ गोठ्यांकडे जाणार आणि पुन्हा मार खाणार. मी हात मागे घेतला. प्रबंध काखेत मारला आणि मामांना तसंच बांधलेलं ठेवून एसटी धरायला निघाले.