अक्कांच्या तोंडाची केस

स्वयंपाक करताना अक्कांनी कधी काही चाखून पाहिलं नाही. आमटीला उकळी आली की त्या पातेल्यावर वाकून वास घेत आणि त्यावरून मीठ टाकत. "लोकांच्या जेवणाला आधी माझं तोंड कशाला लावू?" असं त्यांचं म्हणणं. अक्का मूळच्या नांदगावकडच्या. नवरा गेल्यावर त्यांनी सातपूरला खानावळ काढली आणि तिच्यावर एकुलता मुलगा वाढवला. नव्वदच्या दशकात आम्ही शिफ्टवाले कामगार त्यांच्याकडे जेवायचो. मी एका कारखान्यात लेथ मशीनवर होतो.

वाढताना अक्का अखंड बोलत. कुणाला नाइट लागली, कुणाच्या घरून पत्र नाही, कोण आज भाकरी अर्धी टाकून उठला, सगळ्याची चौकशी. स्वतःच्या दुखण्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. म्हणून मळमळ फारच वाढली तेव्हा मुलाने त्यांना जवळजवळ ओढतच कॉलनीतल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी जेवणाआधी घ्यायची एक गोळी दिली. बरं वाटलं. पुन्हा गेल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, "चालू ठेवा." पुढची तीन वर्षं दर महिन्याला फी घेऊन ते हेच दोन शब्द सांगत राहिले. ही गोळी किती दिवस घ्यायची असते हे कुणी सांगितलं नाही, आणि असं विचारायचं असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

मग अक्कांचं तोंड हलू लागलं. आधी नुसते ओठ, मग जबडा, मग जीभ मधूनच बाहेर येऊन आत जायची. बघणाऱ्याला वाटावं, बाई काहीतरी चघळते आहे. डॉक्टर म्हणाले, वय झालं, मनावर घेतात. आणि गोळी वाढवली. हे लिहितानाही माझं डोकं तापतं.

एकदा एक नवा कामगार ताटावरून म्हणाला, "मावशी, पोळ्या लाटताना तरी तंबाखू थुंकत जा." अक्का जन्मात तंबाखूला शिवल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून तोंडाला फडकं बांधून त्या चुलीपुढे बसू लागल्या. बोलणं अडखळू लागलं आणि वाढतानाच्या गप्पा हळूहळू बंदच झाल्या. गिऱ्हाइकं गळत गेली.

शेवटी मुलगा आणि मी त्यांना गंगापूर रोडवर मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी गोळ्यांचं पाकीट पाहिलं आणि सरळ सांगितलं, हे या गोळीने झालंय. हळूहळू बंद करू, पण तोंड थांबेलच असं नाही.

"हे त्या डॉक्टरला ठाव नव्हतं?" अक्कांनी विचारलं. त्यांनी पाकीट परत दिलं. मी म्हणालो, गोळीने झालं एवढं लिहून द्या. तर म्हणाले, "मला याच शहरात प्रॅक्टिस करायची आहे."

तिथून अक्का पेटल्या. त्यांनीच एक वकीलबाई शोधून काढल्या. पैसे घेऊन उपचार केले म्हणजे ग्राहक मंचात तक्रार करता येते, पण कारण कळल्यापासून दोन वर्षांच्या आत, आणि जाणकार डॉक्टरची साक्ष हवी, असं बाईंनी समजावलं. अक्का म्हणाल्या, "मग त्या गंगापूर रोडवाल्यालाच बोलवा."

मंचात पहिल्याच तारखेला अध्यक्ष म्हणाले, "बाई, तोंडात आहे ते थुंकून या." डॉक्टरांचा वकील हसला. अक्का पुढे गेल्या आणि त्यांनी आ केला. रिकाम्या तोंडात जीभ वळवळत होती.

"काय बी नाय, साहेब," एकेक शब्द ओढून काढत त्या म्हणाल्या. "हेच सांगाया आले."

त्यानंतर कुणी हसलं नाही. डॉक्टरांचं म्हणणं काय, तर बाई मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणून खात होत्या. वकीलबाईंनी त्यांच्याच हातच्या चिठ्ठ्या पुढे ठेवल्या. मेंदूच्या डॉक्टरांना समन्स गेलं. ते आले आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, इतकी वर्षं द्यायची ही गोळी नव्हे. निकाल अक्कांच्या बाजूने लागला. कॉलनीतल्या डॉक्टरांनी मुंबईला वरच्या आयोगाकडे अपील केलं. त्यांच्या दवाखान्यातली गर्दी तशीच.

मग अक्का त्या गर्दीत जाऊन बसू लागल्या. फडकं सोडून, उघड्या तोंडाने. शेजारच्या बाईला सांगायच्या, "गोळी कशाची, किती दिवस, इचार. इचारल्याबिगर उठू नको." डॉक्टरांनी पोलीस बोलावले. हवालदार आला, अक्कांच्या शेजारी बसला, सगळं ऐकून घेतलं आणि निघून गेला.

अपील चालू असतानाच हृदयविकाराने अक्का गेल्या. तोंड थांबलं होतं. बायका म्हणाल्या, किती शांत दिसतात. त्या शब्दाने माझा असा संताप झाला की मला उठून बाहेर जावं लागलं.

वारस म्हणून मुलाने केसमध्ये आपलं नाव लावलं. पुढे अपील फेटाळलं गेलं. त्या दिवशी मी रजा टाकून मुलाबरोबर मुंबईला गेलो होतो. पायऱ्या उतरताना डॉक्टर त्याला म्हणाले, "झालं ना आता समाधान?"

मुलगा आवाज न चढवता म्हणाला, "ती गोळी अजून कुणाकुणाला चालू आहे, डॉक्टर?"

ते गाडीत बसले.