देव्हाऱ्याखालचा काळा कागद

विमल गेल्याचं मला चंदीगडच्या सेक्टर सतरामध्ये, बाजारच्या चौकात कळलं. काही घ्यायचं नव्हतं, मी आणि हे नुसते संध्याकाळचे हिंडायला गेलो होतो, आणि मराठी मंडळातल्या एक बाई समोरून आल्या त्या डोळे पुसतच. तसेच उलट पावली तिच्या घरी गेलो, तर जिन्यापासूनच चपलांचा ढीग. मराठी माणसं होतीच, पण शेजारचे सरदारजी, कोपऱ्यावरचा दूधवाला, कुठल्या कुठल्या बंगाली बायका... जो तो हुंदके देतोय. मीही रडले, अगदी मनापासून रडले. आणि रडता रडता मनात आलं, माझ्या वेळी एवढी माणसं येतील का? खोटं कशाला सांगू, तिला शेवटचा नमस्कार करतानाही मी तिच्यावर जळत होते.

आमची गाठ पडली ती सत्तर सालाच्या आसपास, आम्ही बदलीवर चंदीगडला आलो तेव्हा. आम्ही कराडचे, ती चंद्रपूरची. तिचे यजमान ह्यांच्याच ऑफिसात, आणि सरकारी क्वार्टर आमच्या शेजारचं. बदलीवाल्या मराठी घरांची इथं एक रीत होती. बदली झाली की जड सामान बरोबर न्यायचं नाही, मागं राहणाऱ्या मराठी घराला द्यायचं, त्यांनी ते पुढच्याला द्यायचं. असं घरोघर फिरलेलं आंब्याच्या लाकडाचं एक कपाट विमलकडे होतं. ते तिनं पहिल्याच दिवशी आमच्याकडे आणवलं. "राहू द्या वहिनी, रिकामं घर खायला उठते," म्हणाली. वर गरम वरणभाताचं पातेलंही तिनंच आणलं. सासूबाई आमच्याबरोबर होत्या. त्यांना ती तिथल्या तिथं आवडली. मला म्हणाल्या, "बघ, याला म्हणतात माणुसकी." जसं काही मी आयुष्यात कुणाला वरणभात दिलाच नव्हता!

सासूबाईंनी कराडहून त्यांचा फणसाच्या लाकडाचा देव्हारा आणला होता, रेल्वेत लेकरासारखा जपत. तो आम्ही त्या कपाटाशेजारी ठेवला. पुढच्या वर्षी ऊन तापायला लागलं आणि देव्हाऱ्याखाली पांढरी भुकटी दिसू लागली. मला वाटलं रांगोळी सांडली. पुसली की दुसऱ्या दिवशी परत हजर. मग कडेच्या पट्टीला टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं दिसली, आणि सासूबाईंनी त्यांवरून बोट फिरवलं. "देवाच्या घराला कीड? माझ्या हातात होतं तोवर असं कधी झालं नाही." वरच्या मजल्यावरच्या पंजाबी बीजी येऊन "घुण लग गया जी, बाहर फेंको" असं सांगून गेल्या, त्यानं आणखीच भर पडली. सासूबाईंनी देव ताटात काढून ठेवले. "घरात कुणाचं लक्ष नसलं की असं होतं," म्हणाल्या. कुणाचं म्हणजे कुणाचं, ते समजायला मी काही दूधखुळी नव्हते. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचा नैवेद्य बंद केला. स्वतः भात शिजवायच्या, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. लग्न होऊन आल्यापासून ज्या घरात नैवेद्य मी केला, तिथं मी उभी!

मग विमल आली. तिच्या वडिलांची चंद्रपूरला लाकडाची वखार, त्यामुळं लाकडात तिचं बालपण गेलेलं. तिनं भुकटी चिमटीत घेऊन चोळली. "आई, ही वाळवी नाही. वाळवी माती आणते. ही मैद्यासारखी मऊ आहे, हा भुंगेरा. लाकडातच वाढते आणि गरमी आली की भोक पाडून उडून जाते. यात ना देवाचा कोप, ना वहिनींचं काही." मग तिनं भोकं दाखवली. जुनी असती तर आतून काळपट दिसली असती, ही ताजी, आतून स्वच्छ, नव्या लाकडासारखी. गाभ्याच्या पिवळ्या लाकडाला एकही नाही, सगळी कडेच्या पांढऱ्या पट्टीला. देव्हारा झाडून तिनं खाली काळा कागद अंथरला. सकाळी त्यावर पांढरे ठिपके. "म्हणजे आत अजून जिवंत आहे," म्हणाली, आणि पदर खोचला.

जूनचं इथलं ऊन काय असतं ते इथं राहिलेल्यालाच ठाऊक. काळ्या ताडपत्रीत गुंडाळून तिनं देव्हारा गच्चीवर ठेवला, रोज दुपारी तो फिरवून दुसरी बाजू उन्हाला द्यायची. आतल्या अळ्या भाजून निघाल्या पाहिजेत म्हणे. मग सावलीत आणून, पूर्ण गार झाल्यावर, इंजेक्शनच्या सुईनं एकेका भोकात रॉकेल सोडलं, ते उडून गेल्यावर मेणानं भोकं बुजवली, आणि शेवटी पॉलिश. तेही आतून, मागून, तळाला. "समोरून तर सारेच करतात वहिनी, पण कीड अंडी घालते मागच्या कोऱ्या लाकडात." सासूबाई शेजारी बसून तिला पंख्यानं वारा घालत होत्या. "काय हात आहेत पोरीचे!" आणि माझे हात काय भाड्यानं आणले होते? नैवेद्य माझ्याकडे परत आला खरा, पण कसा? "विमल म्हणते तुझी चूक नाही, तर कर आजपासून." विमल म्हणते म्हणून!

त्याच आठवड्यात मी झाडायला म्हणून ते आंब्याचं कपाट पुढं ओढलं, आणि बघतच राहिले. मागं भुकटीचा ढीग, पाठच्या फळीची चाळण झालेली. कपाट विमलकडून आलेलं. म्हणजे कीड तिच्या घरातली, देव्हाऱ्यात गेली ती तिथूनच, आणि बोलणी खाल्ली मी! आग हिनंच लावली आणि विझवल्याची शाबासकीही हिलाच! मी ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "तिनं काय मुद्दाम पाठवली? आता आईला सांगून तुला काय मिळणार आहे?" तरी मी सांगायला गेलेच. सासूबाई विमलच्या केसांत मोगरा माळत होत्या... मी दारातूनच परत फिरले. सांगितलं असतं तर सगळे मला जळकी म्हणाले असते. जळकी तर मी होतेच. दोन दिवसांनी विमल स्वतःच म्हणाली, "वहिनी, ते कपाट आता जुनं झालं, मी नेते." आणि तिनं ते फोडून जाळून टाकलं. माझ्याकडे बघितलं नाही, मीही तिच्याकडे बघितलं नाही.

पुढं आमची बदली कलकत्त्याला झाली. सामान बांधताना सासूबाई म्हणाल्या, "तिकडं दमट हवा. देव्हारा विमलकडे राहू दे, ती सांभाळेल." देव पिशवीत घेतले आणि देव्हारा शेजारी दिला. माझ्या घरातला, मी रोज पुसलेला देव्हारा! कलकत्त्यात सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मी त्यांच्या डोक्याला तेल लावत असायची आणि त्या विचारायच्या, "विमल बघत असेल ना गं देव्हारा?" हो आई, बघत असेल. शेवटपर्यंत हेच.

ऐंशी सालानंतर आम्ही परत चंदीगडला आलो, तर विमल आजारी. गेल्या थंडीत तिला भेटायला गेले, ती शेवटचीच भेट. ती रजईत, समोर देव्हारा. मला म्हणाली, "वहिनी, वाका जरा, कागद बघा." मी वाकले. काळा कागद कोरा करकरीत.

"ते कपाट माझ्या घरचं होतं ना..." ती म्हणाली.

"माहीत आहे मला. तेव्हापासून."

ती हसायला लागली, खोकला येईपर्यंत हसली. "मंग बोलल्या काऊन नाही?"

"तू का नाही बोललीस?"

तिनं देव्हाऱ्याकडे मान वळवली. मग म्हणाली, "मला माझी आई आठवतच नाही वहिनी. तुमच्या आई मला पोरी म्हणत होत्या... कपाटाचं सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या का? तुमच्याजवळ तर त्या रोज होत्या. रागावल्या तरी तुमच्यावरच रागावत. मी किती जळायची तुमच्यावर!"

इतकी वर्षं मी हे भांडण मनात जपून ठेवलं होतं. एकदा तिला चांगलं सुनवायचं होतं. ते तिनंच आधी बोलून टाकलं, आणि असं बोलली की मला रागवायलाही जागा ठेवली नाही. कबुली देण्यातसुद्धा तीच पुढं! वर म्हणाली, "देव्हारा घेऊन जा." मी म्हटलं, "तू उठ आधी, मग भांडून नेईन." ती उठली नाही.

तेरावं झाल्यावर तिच्या यजमानांनीच देव्हारा आमच्याकडे आणून दिला, खालच्या कागदासकट. आता सासूबाईंचे देव त्यात परत बसलेत. नैवेद्य मी करते, कुणी म्हणतं म्हणून नाही. आणि नैवेद्य दाखवून झाला की खाली वाकून कागद बघते. ऊन आता तापायला लागलंय, भुंगेरे बाहेर पडायचे हेच दिवस. पण कागदावर एक कण नाही. रोज वाटतं, आज पडावा, एकच पडावा. म्हणजे म्हणता येईल, विमल, ये गं, बघ, तुझं काहीतरी राहून गेलंय.