मामांच्या वहीतली दुसरी सही

अख्ख्या सुरतेत रंगाच्या बाबतीत खोटं अजिबात चालवून न घेणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या नणंदेचा सासरा निघाला. आता नणंदेचा सासरा म्हणजे काय प्रकरण असतं, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. त्यांना उलटून बोलायची सोय नसते. आपण इथे एक शब्द बोलावा, तो संध्याकाळपर्यंत नणंदेकडे पोचतो आणि दुसऱ्या दिवशी मीठमसाला लावून आपल्या सासूकडे परत येतो. मी त्यांना मामा म्हणायची. तरुणपणी भुसावळकडून आले, सुरतेतल्याच उधन्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंगाच्या टाकीवर उभे राहिले आणि चढत चढत शेड मास्तर झाले. शेड मास्तर म्हणजे व्यापाऱ्याने दिलेल्या नमुन्याच्या तुकड्याशी रंगवलेला माल तंतोतंत जुळतो की नाही ते बघून पास करणारा माणूस. पुढे मिलमधून निवृत्त झाले, पण फक्त पायांनी. डोळे कामावरच राहिले.

त्यांच्याकडे शर्ट सहा, आणि सहाही राखाडी. रंगीत शर्टाची झाक नमुन्यावर पडते म्हणून तीस वर्षं राखाडी घातला, आणि नंतर सवय सुटली नाही. रंग बघायचा तर उत्तरेच्या खिडकीत, आणि तोही जेवणाआधी. "भरल्या पोटी डोळा आळशी होतो," असं ते म्हणत. कुणाच्याही लग्नात गेले की अक्षता हातात धरून नवरीच्या शालूकडे अशा नजरेने बघत की नवऱ्याकडच्यांना संशय यावा. माझ्या नणंदेला बघायला आले तेव्हाची गोष्ट तर आमच्या सासूबाई अजून सांगतात. नणंद पोह्यांच्या बशा घेऊन आली, तर मामा म्हणाले, "बेटा, जरा खिडकीशी ये बरं." सासूबाईंचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, मुलीचा वर्ण बघतायत. मामांनी तिच्या पदराचं टोक उजेडात धरलं, मग ब्लाउजच्या बाहीकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "साडी एका लॉटची, ब्लाउजपीस दुसऱ्या लॉटचा. दुकानदाराने तुम्हाला बनवलंय." मग खुर्चीत बसून, पोह्यांचा पहिला घास घेऊन म्हणाले, "मुलगी पसंत आहे." सासूबाईंना हसावं की रडावं ते कळेना. त्या साडीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

आमचा, म्हणजे माझा आणि ह्यांचा, उधन्यात दोन खोल्यांचा व्हिडिओ स्टुडिओ होता. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. लग्न, बारसं, केबलवरच्या साड्यांच्या जाहिराती, जे येईल ते करायचं. कॅमेरा आणि एडिटिंग ह्यांच्याकडे. मी क्लास लावून अ‍ॅनिमेशन शिकले होते, त्यामुळे नावं फिरवत आणणं, पाकळ्या उमलवणं, साडी वाऱ्यावर उडवणं हे माझ्याकडे. काम चांगलं चाललं होतं, फक्त एक भूत मानगुटीवर बसलं होतं. मी माझ्या कॉम्प्युटरवर एक रंग भरायची, तो ह्यांच्या एडिटिंगच्या कॉम्प्युटरवर गेला की निराळा दिसायचा, आणि टीव्हीवर लावला की तिसराच. एकदा एका साडीवाल्या शेठची जाहिरात केली. त्याची राणी कलरची साडी माझ्याकडे राणी, ह्यांच्याकडे विटकरी आणि टीव्हीवर थेट लाल, तीही अशी की काठांबाहेर पसरलेली. शेठ टीव्हीसमोर बसला, बराच वेळ बघत राहिला आणि शांतपणे म्हणाला, "बेन, आ मारो माल नथी." मी त्याला मशीनचं कारण सांगायला लागले. तो म्हणाला, "मशीन तमारी, पण साडी तो मारी ने?"

मामा त्या वेळी कोपऱ्यात चहा पीत बसले होते. नातीला फिरवून आणताना आमच्याकडे टेकायची त्यांची रीत होती. शेठ गेल्यावर त्यांनी बशी खाली ठेवली, तिन्ही पडद्यांसमोर एकेकदा उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, यात मशीनचा काय दोष? तुमच्याकडे नमुनाच नाही. तिघंही आपापल्या मनचं सांगतायत." दुसऱ्या दिवशी ते चुन्यात काजळी कालवून घेऊन आले आणि आमची छान गुलाबी भिंत त्यांनी राखाडी करून टाकली. ती भिंत मी हौसेने रंगवून घेतली होती, पण व्याह्यांना काय बोलणार? मग खिडकीला जाड पडदा लावला, एकच ट्यूब ठेवली, पांढऱ्या कापडाचा तुकडा तिन्ही पडद्यांजवळ धरून बटणं फिरवली आणि तिन्ही पांढरे सारखे झाल्यावर बटणांवर चिकटपट्टी मारली. पट्टीवर लिहिलं, 'हात लावू नये.' हे चिडले. म्हणाले, "स्टुडिओ माझा की यांचा?" पण तेही माझ्या कानातच.

खरं सांगते, त्या माणसाला कॉम्प्युटर सुरू करता येत नव्हता, पण दोन महिन्यांत त्याने आम्हाला जे शिकवलं ते माझ्या क्लासमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. प्रत्येक रंग माझ्याकडून आकड्यात विचारून घ्यायचे, लाल किती, हिरवा किती, निळा किती, आणि टीव्हीवर बघून वहीत नोंदवायचे. माझ्या मशीनवर रंग दोनशे पंचावन्नपर्यंत चढायचा. मामांनी बघून बघून ठरवलं की दोनशे पस्तीसच्या वर जायचं नाही, वर गेलं की लाल फुटतो, आणि पांढरा फार पांढरा केला की टीव्ही गुणगुणायला लागतो. "कापडाला जितका रंग पेलतो तितकाच द्यायचा. बाकीचा गटारीत जातो," असं त्यांचं म्हणणं. वहीत प्रत्येक रंगापुढे दोन सह्यांची जागा आखलेली होती. मिलची शिस्तच तशी होती. एका माणसाच्या नजरेने माल पास होत नसे, दुसऱ्याने स्वतंत्र बघून सही करायची. "एका माणसाला बायकोशी भांडण झालं तरी रंग काळपट दिसतो. दुसरी नजर पाहिजेच," असं सांगून त्यांनी दुसरी सही माझ्यावर सोपवली. पहिल्या पहिल्यांदा मी भीतभीत का होईना, "मामा, जरा पिवळा वाटतो," असं म्हणायची, आणि ते खूश होऊन पुन्हा बघायचे. शेठची जाहिरात पुन्हा केली. त्याने साडी पडद्याशेजारी धरली आणि मान डोलावली. त्या दिवशी मामांनी सगळ्यांना सुरतेचा वाफाळता लोचो खाऊ घातला.

पुढे हळूहळू काहीतरी बिघडत गेलं. मामांनी नमुना धरणं सोडलं. "आता कापड कशाला? तीस वर्षं माझ्या डोळ्यात शेडकार्ड आहे," असं म्हणायला लागले. हल्ली कुणी पांढरं नीट धूत नाही, सगळीकडे पिवळटपणा आलाय, पावडरीत भेसळ आहे, अशी त्यांची रोजची तक्रार. ट्यूब दोनदा बदलायला लावली. मला त्यांचे रंग कधी कधी पटत नसत, पण तोवर मी शहाणी झाले होते. एकदा नणंद म्हणाली होती, "वहिनी, तू मामांच्या चुका काढतेस म्हणे." तेव्हापासून मी सही करत होते, बघत नव्हते.

मग नणंदेच्या दुसऱ्या मुलीचं नामकरण झालं. त्रिशरण-पंचशील झालं, मामींनी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं. अंगावर त्यांची ठेवणीतली साडी होती. मामांनी स्वतः मिलमध्ये रंगवलेल्या मालातली, वीसेक वर्षांपूर्वी आणलेली. मामी म्हणजे चार वाक्यं दिवसभर पुरवून वापरणारी बाई. आयुष्य सुरतेत गेलं तरी बोलणं घरचं अहिराणी. मामांच्या डोक्यात आलं की टेपची सुरुवात या साडीच्या रंगाने करायची. आधी नुसता रंग, त्यावर बाळाचं नाव उमलत यावं, मग तो रंग विरत विरत मामींच्या पदरात मिसळून जावा. कल्पना सुंदरच होती. मी केली. फक्त मामांनी आकडे सांगितले ते डाळिंबी रंगाचे. साडी होती जांभळी. माझ्या पडद्यावरचा डाळिंबी रंग विरून मामींच्या जांभळ्या पदरात जाताना असा ठेचकाळायचा, की दाताखाली खडा यावा.

मामा मामींना घेऊन आले. मामींनी टेप पाहिली, पदराकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं.

"हाई माझं लुगडं नही," त्या म्हणाल्या. "माझं जांभयं शे."

"डाळिंबी आहे ते."

"तुम्हीच आनं तवय जांभयं व्हतं."

"तुले काही कयत नही," मामा म्हणाले. तेही घरच्या बोलीत उतरले, म्हणजे चांगलेच दुखावले होते. मग ते माझ्याकडे वळले, वही पुढे केली आणि म्हणाले, "पोरी, तू सांग. दुसरी नजर तुझी."

मामी माझ्याकडे बघत होत्या. बाईच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं एवढंच होतं की, सांग ना. मला नणंद आठवली, सासूबाई आठवल्या. मी म्हणाले, "जुळलंय, मामा," आणि सही केली. मामींनी पदर खांद्यावर सारखा केला. त्यानंतर तीन महिन्यांत, भाजी निवडता निवडता, छातीत कळ येऊन त्या गेल्या.

मामींच्या मागे मामा खचले. स्टुडिओत यायचे, पण वही उघडायचे नाहीत. एकदा जिन्यावर पाय चुकला म्हणून मुलाने डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही जुना, तांबूस पिवळा. डॉक्टर म्हणाले, काही वर्षांपासून हे पिवळ्या काचेतूनच जग बघत असतील, निळा-जांभळा यांना धड दिसतच नसेल. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यापासून मामा गॅलरीत बसून एकदा हा डोळा झाकायचे, एकदा तो. नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, मामांचं काहीतरी बिनसलंय. दिवसभर डोळे मिचकावतात." बिनसलं काय ते मला कळलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी, जेवणाआधी, मामा स्टुडिओत आले. राखाडी शर्ट, काळा चष्मा, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली साडी. खिडकीचा पडदा सारला, साडीची घडी उजेडात धरली आणि जुना डोळा झाकला. मग नवा झाकला. असं तीन-चारदा केलं. मला टेप लावायला सांगितली. पडद्यावर डाळिंबी रंग आला, विरला, ठेचकाळला, आणि मामी पाळण्यावर वाकल्या.

"हाई जांभयंच शे," मामा म्हणाले. टेप संपून पडदा काळा झाला, तरी बघत होते.

"पोरी, तुला दिसत होतं?"

"हो, मामा."

"मग सही का केलीस?"

खोटं बोलायला आता जागा नव्हती. मी म्हणाले, "तुम्ही व्याही. तुम्हाला कसं सांगायचं?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मिलमध्ये खोटी सही करणाऱ्याला घरी पाठवायचे. पण तुला काय बोलू? घरात रोज दुसरी नजर होती, तिला मीच गप्प बसवलं." मग चष्मा काढून डोळे पुसायला लागले. ऑपरेशनच्या डोळ्याला हात लावू नका, असं मी म्हणत होते आणि माझेच डोळे वाहत होते. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाले, "बस मशीनवर. आधी काम."

साडी पडद्याशेजारी धरून आम्ही दुपारपर्यंत बसलो. आकडे या वेळी मी सांगितले, त्यांनी नव्या डोळ्याने बघितले, दोनदा नापास केले. शेवटी रंग विरला आणि पदरात असा गेला की कुठे संपला ते कळलं नाही. मामांनी वही काढली. डाळिंबीची नोंद खोडली, माझ्या जुन्या सहीसकट, आणि खाली नवे आकडे लिहिले. पहिल्या सहीच्या जागी त्यांनी मामींचं नाव लिहिलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेलं ते नाव मी वहीत पहिल्यांदा वाचलं. मग पेन माझ्या हातात दिलं. "दुसरी तू कर. दिसत असेल तरच."

"आणि तुमची?"

"माझी नको. माझा माल नापास झालाय."

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. स्टुडिओही राहिला नाही, आणि हल्लीची मशीनं आपापसात रंग जुळवून घेतात म्हणे. वही माझ्याकडे आहे. त्या दिवशी पेन हातात घेऊन मी लगेच सही केली नाही. साडी घेतली, खिडकीशी गेले, उजेडात पदर उघडून नीट बघितला, पुन्हा पडद्यासमोर येऊन बघितलं. मामा खुर्चीत सरळ बसून वाट बघत होते, मिलमध्ये बसत असतील तसे. मग मी सही केली. त्या वहीत माझ्या शंभर तरी सह्या असतील. भीड न ठेवता, बघून केलेली मला ती एकच आठवते.