मध्यरात्रीने तोडलेली पाळी

रात्रपाळी संपवून शोभा सिस्टर सकाळी इस्पितळाच्या ऑफिसात माझ्याकडे आली. "मॅडम, आज रात्रीची रजा नाकारली! कंप्युटर म्हणतो, मी अजून कामावरच आहे."

खरंच होतं. कंप्युटर हजेरी तारखेनुसार लावतो. काल ती आत आली, पण बाहेर पडली नाही. आज बाहेर पडली, पण आत आलीच नव्हती. मध्यरात्रीने एका पाळीचे दोन तुकडे केले होते. रोग्याचा ताप काही तारीख बघून उतरत नाही. सिस्टरला तो उतरेपर्यंत बसावंच लागतं. हे कंप्युटरला कोण सांगणार?

"हजेरीची दुरुस्ती ऑफिसचे मोठे साहेबच करतात," मी म्हणाले. "ते सोमवारी येतील."

"आणि आज संध्याकाळचं लेकीचं डोहाळजेवण?"

मी तिचा अर्ज सोमवारच्या फायलीत ठेवला.

"येते रात्री," ती म्हणाली. "नाहीतरी मी आतच आहे."