डोमाजींचा कोंबडा निर्दोष

आमच्या आठ पिल्लांचे आठही कोंबडे निघाले, आणि त्यात माझी जीवशास्त्र शिकवण्याची बावीस वर्षं पाण्यात गेली.

तिरोड्याजवळच्या आमच्या गावात बायकोनं, म्हणजे मंदानं, अंड्यांसाठी एक कोंबडी पाळली होती. कोंबडा शेजारच्या डोमाजींचा. (शेजारधर्म म्हणून, फुकट!) पिल्लांना तुरे फुटले आणि मंदाचा चेहरा उतरला.

"घरात तीन पोट्टे, आंगनात आठ कोंबडे! माझ्या नशिबात पोरगीच नाई का जी?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसायची सवय असती तर मी शिक्षक कशाला झालो असतो? कुंपणापाशी जाऊन मी व्याख्यानच ठोकलं, "माणूस काय, कोंबडा काय, डीएनए शेवटी डीएनएच! नर की मादी, हे बापावरून ठरतं. दोष डोमाजींच्या कोंबड्याचा!"

कुंपणापलीकडे डोमाजी उभेच होते.

"काऊन जी सर, माझा कोंबडा खराब हाये?"

"मी नाही, विज्ञान म्हणतं!"

"मंग ठेवून कायले? परवा गावात मंडईची जत्रा, पाहुणे येऊन राहिले. कापतो त्याले!"

पोटच्या पोरासारखा वाढवलेला तो कोंबडा काखेत धरून डोमाजी सुरी शोधू लागले. पण शब्द मागे घेतला तर मी सर कसला?

तेवढ्यात त्यांची सून पल्लवी धावत आली. (बारावीला माझीच विद्यार्थिनी. देव स्मरणशक्ती नेमकी नको त्यांना देतो!)

"थांबा मामाजी! सर, माणसात बापावरून ठरते, पण पक्ष्यांत उलटं राहते ना? दोन वेगळी गुणसूत्रं मादीत असतात. पिल्लू नर का मादी, ते कोंबडीवरून ठरते. तुमीच शिकवलं होतं, माझ्या वहीत लिवून हाये!"

डोमाजींनी कोंबड्याला छातीशी धरलं. "मंग तुमची कोंबडी कापा आता!"

"तिले हात लावू नका, अंड्यावर बसून हाये," मंदा कडाडली आणि सावकाश माझ्याकडे वळली. "पल्लवी, माणसात बापावरून म्हणतेस ना?"

"हो काकू."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

"मंग इतकी वर्सं मी आपल्या नशिबाले कायले शिव्या देऊन राहिली होती?"

मी कोंबडीला दाणे टाकायला निघालो.

त्या मंडईला डोमाजींच्या पाहुण्यांना वांग्याची भाजी मिळाली. कापला गेलो तो मी एकटाच!